वचनचिठ्ठी आणि बाकीची चालू देणी : शिरोलीतल्या एका फौंड्रीचे प्रकरण

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एक प्रायव्हेट लिमिटेड फौंड्री, म्हणजे धातू वितळवून ओतकाम करणारा कारखाना. दोन इंडक्शन भट्ट्या, कामावर ५५ माणसे, वर्षाची उलाढाल सुमारे ₹१८ कोटी. पंप आणि ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे बीड (ओतीव लोखंड) कास्टिंग इथे होते. अशा कारखान्यांच्या हिशेबांत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र आणून हा नमुना अभ्यासासाठी उभा केला आहे. त्यातले आकडे मांडणीपुरते आहेत. कायदे, कलमे, मुदती आणि दर मात्र खरे आहेत, आणि आर्थिक वर्ष २०२४-२५ ला जे लागू होते तेच घेतले आहेत.

प्रसंग असा. मालकांना कॅश क्रेडिटची, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी बँकेतून लागेल तसे उचलायच्या कर्जाची, मर्यादा ₹२ कोटींवरून ₹२.६० कोटींवर न्यायची होती. बँकेने ३१ मार्च २०२५ चा तात्पुरता ताळेबंद मागितला. अकाउंटंटने टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून काढून दिला. चालू मालमत्ता ₹५७० लाख : साठा २१०, येणी ३३०, बँक आणि रोख १२, इतर १८. चालू देणी ₹३९१.९३ लाख : कॅश क्रेडिट २००, धनको १७८, ‘ड्युटीज अँड टॅक्सेस’ ४, देय पगार ९.९३. चालू गुणोत्तर, म्हणजे चालू मालमत्ता भागिले चालू देणी, आले १.४५. बँकेला १.३३ हवे असते, म्हणजे काम झाले असे सगळ्यांना वाटले.

हा १.३३ आकडा कुठून आला ते आधी सांगतो, कारण पुढे त्याचाच संबंध आहे. १९७० च्या दशकात टंडन समितीने खेळत्या भांडवलाच्या कर्जासाठी पद्धती सुचवल्या. त्यातल्या दुसऱ्या पद्धतीप्रमाणे चालू मालमत्तेचा किमान चौथा हिस्सा उद्योगाने दीर्घ मुदतीच्या पैशातून उभा करायचा. मालमत्ता १०० असेल तर चालू देणी ७५ च्या वर जायला नकोत. १०० भागिले ७५ म्हणजे १.३३. लहान उद्योगांची मर्यादा आता बहुतेक वेळा नायक समितीच्या उलाढाल पद्धतीने, म्हणजे अपेक्षित उलाढालीच्या २० टक्क्यांवर ठरते. तरी कर्ज मंजूर करणाऱ्याची नजर आधी गुणोत्तरावरच जाते.

ताळेबंद बँकेत जाण्याआधी मी तपासायला घेतला. मालमत्तेच्या बाजूला फारसे काही नव्हते. देण्यांच्या बाजूला होते.

कोटेशनच्या फाईलमधली झेरॉक्स

धनकोंच्या यादीत स्क्रॅपच्या एका व्यापाऱ्याची बाकी नेमकी ₹२४,००,००० दिसली. चालू खात्यात इतकी गोल रक्कम सहसा उरत नाही. विचारल्यावर कोटेशनच्या फाईलमधून एका वचनचिठ्ठीची, म्हणजे अमुक रक्कम देईन अशा सहीच्या लेखी वचनाची, झेरॉक्स निघाली. तारीख १५ जानेवारी २०२५, मुदत तारखेपासून चार महिने, व्याज द.सा. १२ टक्के, खाली संचालकांची सही आणि एक रेव्हेन्यू स्टँप. थकलेल्या बिलांपोटी व्यापाऱ्याने ती लिहून घेतली होती. वह्यांत तिचा मागमूस नव्हता.

“सर, पैसं तर अजून गेलं न्हाईत, मग एंट्री कशाची मारायची?” अकाउंटंटचा प्रश्न मनापासून होता, आणि या सगळ्या प्रकरणाची गाठ त्याच प्रश्नात आहे. पैसे जातात तेव्हा देणे फिटते. ते उभे राहते त्याच्या आधी, माल घेतला, सही केली, वीज वापरली, माणसाने दिवसभर काम केले त्या दिवशी. हिशेबाची वही त्या दिवसाची नोंद मागते.

१५ जानेवारीला पैसे हलले नसले तरी देण्याचा प्रकार बदलला. आधी ती तोंडी मुदतीची उधारी होती. आता तिला सही, ठरलेली तारीख आणि व्याज लागले. त्या दिवशीची रोजकीर्द अशी हवी होती :

पुरवठादाराचे खाते – नावे ₹२४,००,०००
देय वचनचिठ्ठी खात्यास – जमा ₹२४,००,०००
(थकीत बिलांपोटी १२ टक्के व्याजाची चार महिन्यांची वचनचिठ्ठी दिली.)

एकूण देण्यात एका रुपयाचाही फरक पडत नाही. म्हणूनच ही नोंद राहून जाते, आणि ती राहिली की व्याज आणि मुदत दोन्ही नजरेआड होतात.

आधी मुदत. १५ जानेवारीपासून चार महिने म्हणजे १५ मे. १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याचे (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट) कलम २२ मुदतीच्या चिठ्ठीला सवलतीचे तीन दिवस देते, म्हणून १८ मे. पण २०२५ मध्ये १८ मे रविवारी आला. कलम २५ सांगते की देय दिवस सुट्टीचा असेल तर चिठ्ठी आदल्या कामकाजाच्या दिवशी देय होते. म्हणजे शनिवार, १७ मे. तो महिन्यातला तिसरा शनिवार, बँका चालू. बरेच जण सुट्टी आली की पुढचा दिवस धरतात. सोमवारची तजवीज करून बसलेला माणूस शनिवारीच थकबाकीदार ठरला असता. मुदतीची तारीख काढून खात्याच्या नावातच लिहून ठेवावी, हे माझे ठाम मत आहे.

आता व्याज. १५ जानेवारीनंतर ३१ मार्चपर्यंत जानेवारीचे १६, फेब्रुवारीचे २८, मार्चचे ३१, असे ७५ दिवस होतात. वर्षाचे व्याज ₹२,८८,०००. त्याचे ७५/३६५ म्हणजे ₹५९,१७८. हे व्याज मे महिन्यात द्यायचे असले तरी २०२४-२५ च्या नफ्यातूनच वजा व्हायला हवे, कारण ते दिवस त्या वर्षातले आहेत.

इथे आणखी एक पाऊल आहे, आणि तेच सर्वांत जास्त चुकते. मालाच्या थकीत रकमेवरचे व्याज हेही आयकराच्या दृष्टीने व्याजच. आयकर कायद्याच्या कलम १९४अ प्रमाणे १० टक्के टीडीएस, म्हणजे देणाऱ्याने आधीच कापून सरकारात भरायचा कर, रक्कम देताना किंवा जमा करताना, जे आधी घडेल तेव्हा कापायचा. ती रक्कम व्यापाऱ्याच्या नावाऐवजी ‘देय व्याज’ अशा खात्यात टाकली तरी कायदा ती त्याच्याच खात्यात जमा झाली असे मानतो. म्हणून ३१ मार्चची नोंद तीन ओळींची :

व्याज खर्च खाते – नावे ₹५९,१७८
देय व्याज खात्यास – जमा ₹५३,२६०
देय टीडीएस खात्यास – जमा ₹५,९१८

मार्चमधला टीडीएस ३० एप्रिलपर्यंत भरायचा. फक्त व्याजाची तरतूद केली आणि टीडीएस विसरला, तर नोंद करूनही दंडाचे व्याज मागे लागते.

हीच चिठ्ठी व्याजाचा उल्लेख न करता ₹२५,००,००० ची लिहून घेतली असती तर? बाजारात असे सर्रास होते. अशा वेळी ₹२५ लाखांचे देणे आणि ₹१ लाखाचा खर्च पहिल्याच दिवशी टाकून मोकळे होणे चूक. त्या दिवशी देणे ₹२४ लाखांचेच आहे. वरचा लाख म्हणजे पुढच्या दिवसांचे व्याज, ते चिठ्ठीच्या रकमेतून वजा दाखवायचे आणि दिवस सरतील तसे खर्चात न्यायचे. १२२ दिवसांपैकी ७५ दिवस सरल्यावर त्यातले ₹६१,४७५ खर्चात जातात आणि बाकीचे चिठ्ठीतून वजाच राहतात.

रेव्हेन्यू स्टँपबद्दल थोडे. मागताक्षणी देय असणाऱ्या वचनचिठ्ठीला नाममात्र मुद्रांक लागतो. मुदतीच्या चिठ्ठीला रकमेच्या प्रमाणात लागतो, तिथे एक रेव्हेन्यू स्टँप पुरत नाही. १८९९ च्या मुद्रांक कायद्याच्या कलम ३५ खाली बाकीच्या बऱ्याच दस्तांना नंतर दंड भरून पुराव्यात आणता येते, पण वचनचिठ्ठीला ती सोय नाही. मालकांनी लगेच विचारले, “म्हणजे चिठ्ठी फुकट गेली, तर देणं दाखवायलाच नको ना?” दाखवायलाच हवे. स्क्रॅप आले, भट्टीत गेले, त्याचे कास्टिंग विकले. कागदात खोट निघाली म्हणून माल घेतल्याचे मूळ देणे मिटत नाही. कागदाची जोखीम व्यापाऱ्याची, वहीतली नोंद आपली.

याच फाईलमध्ये दुसरीही एक वचनचिठ्ठी होती, ₹२ कोटींची, बँकेच्या नावाने. कॅश क्रेडिटच्या कागदपत्रांबरोबर बँक अशी मागणी-वचनचिठ्ठी घेतेच. तिची वेगळी नोंद करायची नाही. कर्ज कॅश क्रेडिटच्या खात्यात आधीच उभे आहे. चिठ्ठी हा त्याच कर्जाचा आणखी एक कागद. ती वेगळी धरली तर एकच देणे दोनदा मोजले जाईल. चिठ्ठी दिसली की नोंद असे समीकरण नाही. तिच्यामुळे नवे देणे उभे राहिले का, किंवा जुन्या देण्याचे रूप बदलले का, हे पाहायचे.

ताळेबंदात व्यापाऱ्याची चिठ्ठी कुठे दाखवायची, यावर दोन मते निघू शकतात. व्याज लागते म्हणून कोणी ती अल्पमुदत कर्जात टाकेल. उगम मालखरेदीत आहे म्हणून मी ती व्यापारी देण्यांतच, पण स्वतंत्र ओळीत ठेवली. वाचणाऱ्याला ₹२४ लाखांवर व्याज चालू आहे आणि मेमध्ये ते एकरकमी जाणार आहेत, हे कळणे महत्त्वाचे.

स्टॉक स्टेटमेंट

चिठ्ठीचा शोध इथे थांबला नाही. बँकेला दरमहा जाणारे स्टॉक स्टेटमेंट मालकांचा मुलगा बनवत असे. त्यात साठ्यातून मालाचे धनको वजा होतात आणि उरलेल्यावर मार्जिन (उद्योगाने स्वतः घालायचा हिस्सा) काढून ड्रॉइंग पॉवर, म्हणजे खात्यातून प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम, ठरते. फेब्रुवारी आणि मार्चच्या स्टेटमेंटमध्ये या व्यापाऱ्याचे नाव गळाले होते. कारण सरळ होते : चिठ्ठी दिली म्हणजे त्यांचे मिटले, ते आता धनको नाहीत. २५ टक्के मार्जिन धरता ड्रॉइंग पॉवर ₹१८ लाखांनी फुगली होती. वह्यांत धनको आहे, स्टेटमेंटमध्ये नाही. लबाडीचा हेतू नव्हता, पण स्टॉक ऑडिटला आलेल्या माणसाला हेतू दिसत नाही, दोन कागदांतला फरक दिसतो. शिवाय चालू मालमत्तेच्या तारणावर कर्ज घेणाऱ्या कंपनीने बँकेला दिलेली तिमाही विवरणे वह्यांशी जुळतात की नाही, हे २०२१ च्या दुरुस्तीपासून कंपनी कायद्याच्या अनुसूची ३ प्रमाणे टिपांमध्ये सांगावे लागते.

वेगळे ‘देय वचनचिठ्ठी’ खाते असते, आणि स्टेटमेंट त्या गटासकट काढले असते, तर हा घोळ झाला नसता.

बारा बिलांचा भास

इंडक्शन भट्टीच्या कारखान्यात कच्च्या मालाखालोखाल मोठा खर्च विजेचा. वीज खात्यावर वर्षभरात बारा बिले दिसत होती, म्हणून कोणाला शंका आली नाही. गेल्या वर्षीच्या तपासणीतही हे त्यामुळेच सुटले. बिले मोजण्याऐवजी त्यांवरचे महिने वाचले तेव्हा उलगडले : पहिले बिल मार्च २०२४ चे, शेवटचे फेब्रुवारी २०२५ चे. महावितरणचे मार्चचे बिल एप्रिलमध्ये येते, आणि आले की नोंदवायचे, अशी रीत पडली होती.

मार्च २०२५ चे बिल ₹२३,४०,०००. भट्टी मार्चमध्ये पेटली, वीज मार्चमध्ये जळली, म्हणून ३१ मार्चला :

वीज खर्च खाते – नावे ₹२३,४०,०००
अदत्त वीज खर्च खात्यास – जमा ₹२३,४०,०००

मार्च २०२४ चे ₹२१,६०,००० या वर्षाच्या खर्चात राहू द्यायचे नाहीत. लेखामानक (अकाउंटिंग स्टँडर्ड) ५ प्रमाणे ती मागील कालावधीची बाब आहे. वीज खर्चातून काढून नफा-तोटा पत्रकात वेगळी दाखवायची. मग वर्षाचा खरा वीज खर्च आधीपेक्षा फक्त ₹१,८०,००० ने वाढतो. देणे मात्र पूर्ण ₹२३.४० लाखांनी वाढते. खर्चाच्या बाजूने पाहणाऱ्याला ही चूक किरकोळ वाटते, ताळेबंदाच्या बाजूने पाहणाऱ्याला ती गुणोत्तर हलवणारी आहे. दरवर्षी एक महिना मागे चालणाऱ्या खात्यांचे असेच होते. नफा साधारण बरोबर दिसतो आणि एक अख्खे देणे कायमचे बाहेर राहते.

दिवाळीचा बोनस याच जातीचा. ऑक्टोबरमध्ये वाटला की खर्चात, ही पद्धत. पण २०२४-२५ मध्ये केलेल्या कामाचा बोनस ३१ मार्चला देणे होतोच. १९६५ च्या बोनस कायद्यातील किमान ८.३३ टक्क्यांनी पात्र कामगारांचा हिशेब ₹५,२०,००० आला, तेवढी तरतूद केली. आयकराच्या कलम ४३ब प्रमाणे तो विवरणपत्राच्या मुदतीआधी प्रत्यक्ष दिला तर याच वर्षी वजावट मिळते. त्या साली दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात होती, तेव्हा तिथे अडचण नव्हती.

पगाराची नोंद निव्वळ का नको

मार्चच्या पगाराचे ₹९,९३,००० देणे टॅलीत होते. ती हातात पडणारी रक्कम. ठोक पगार ₹११,००,००० होता. त्यातून पीएफ ₹९०,०००, ईएसआय ₹६,००० आणि व्यवसाय कर ₹११,००० कापले होते. कापलेले ₹१,०७,००० हे कामगारांचे पैसे आहेत. ते सरकारात भरेपर्यंत कारखान्याकडे फक्त ठेव म्हणून असतात. निव्वळ नोंदीत ते दिसतच नाहीत. शिवाय मालकाचा हिस्सा : पीएफ वेतनाच्या ₹७,५०,००० वर प्रशासन खर्च आणि ईडीएलआय (पीएफशी जोडलेला कामगारांचा विमा) यांसह १३ टक्के म्हणजे ₹९७,५००, आणि ईएसआय वेतनाच्या ₹८,००,००० वर ३.२५ टक्के म्हणजे ₹२६,०००.

सुटलेले एकूण देणे ₹२,३०,५००. रक्कम मोठी नाही, पण तिच्याबद्दल मी सर्वांत आग्रही आहे. पीएफ आणि ईएसआयची मुदत पुढच्या महिन्याची १५ तारीख. कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा त्या तारखेनंतर भरला तर आयकरात त्याची वजावट कायमची जाते. विवरणपत्राआधी भरला तरी उपयोग नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये चेकमेट सर्व्हिसेसच्या प्रकरणात स्पष्ट केले. आणि कराचे सोडा, माणसाच्या घामातून कापलेला पैसा कारखान्याच्या वहीत त्याच्या नावाने उभा असायलाच हवा.

जॉबवाल्यांची थकबाकी

कास्टिंगचे मशीनिंग बाहेरच्या छोट्या शेडमध्ये होते. उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या अशा सूक्ष्म आणि लघु जॉबवाल्यांना ₹३१ लाख द्यायचे होते, त्यातले ₹९ लाख मुदत उलटून गेलेले. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याचे कलम १५ लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस देते, करार नसेल तर १५. पुढे कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. मार्च २०२५ मध्ये बँक दर ६.५० टक्के होता, म्हणजे व्याज १९.५० टक्के. साधारण दोन महिन्यांच्या उशिराचे ₹३०,००० तरतुदीत घेतले. कॅश क्रेडिटपेक्षा हे कर्ज किती महाग पडते ते मालकांनी पहिल्यांदाच आकड्यात पाहिले.

मोठा फटका वेगळाच होता. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या आयकराच्या कलम ४३ब च्या ‘ह’ खंडाप्रमाणे मुदतीबाहेर गेलेली ही रक्कम प्रत्यक्ष ज्या वर्षी दिली त्याच वर्षी वजा होते. विवरणपत्राआधी भरण्याची सवलत तिला नाही. ₹९ लाख नफ्यात परत मिळवले गेले, २५.१७ टक्के करदराने सुमारे ₹२,२६,५०० जादा कर. उशिराच्या व्याजाची वजावट तर एमएसएमईडी कायद्याच्या कलम २३ मुळे कधीच मिळत नाही. ताळेबंदात सूक्ष्म-लघु उद्योगांची देणी वेगळ्या ओळीत दाखवण्याची सक्ती आहे, पण त्यासाठी धनकोच्या खात्यावर उद्यम क्रमांक आणि कराराची मुदत आधी टिपलेली हवी. मार्चअखेरीस फोन करून ती माहिती गोळा होत नाही.

बाकीचे भरभर

एका पंप उत्पादकाने फेब्रुवारीत ऑर्डरपोटी ₹२८ लाख आगाऊ दिले होते. ते येण्यांच्या गटात जमा बाकी म्हणून बसले होते आणि दुसऱ्या ग्राहकांच्या येण्यातून वजा होत होते. एकाची आगाऊ रक्कम दुसऱ्याच्या उधारीतून वजा होऊ शकत नाही. येणी ३५८, आणि ग्राहकांकडून आगाऊ २८ हे देणे. मालाच्या आगाऊ रकमेवर नोव्हेंबर २०१७ पासून जीएसटी लागत नाही, तेव्हा कराची नोंद नाही. धनकोंच्या गटात उलट बाजूने पुरवठादारांना दिलेले ₹७ लाख असेच लपले होते.

‘ड्युटीज अँड टॅक्सेस’चे ₹४ लाख उलगडले : देय जीएसटी ५.६०, देय टीडीएस ०.९०, आणि ग्राहकांनी कापलेला टीडीएस वजा २.५०. जीएसटीत विक्रीवरचा कर आणि खरेदीवरचे क्रेडिट यांची वजावट कायद्यानेच होते, म्हणून ५.६० निव्वळ ठीक. पण आपण लोकांचा कापलेला टीडीएस आणि आपला कापला गेलेला टीडीएस यांची फिटंफाट होत नाही. दोन्ही बाजूंना ₹२.५० लाख वाढले.

भट्टीच्या मुदत कर्जाची बाकी ₹९६ लाख, मुद्दलाचा हप्ता महिना ₹२ लाख. पुढच्या बारा महिन्यांचे ₹२४ लाख चालू देण्यांत, २०२१ च्या दुरुस्तीनंतर अल्पमुदत कर्जांच्या शीर्षाखाली. मार्चच्या मालावरच्या रिजेक्शनच्या डेबिट नोटा (नाकारलेल्या मालाची रक्कम ग्राहकाने वजा केल्याचे कागद) एप्रिलमध्ये आल्या, ₹३.५० लाखांच्या. माल ३१ मार्चआधीचा, म्हणून तरतूद. ऑडिट फी ₹१.५० लाख. एका जुन्या वाहतूकदाराचा दावा न्यायालयात आहे. तो द्यावा लागण्याची शक्यता कमी, असे वकिलांचे लेखी मत असल्यामुळे लेखामानक २९ प्रमाणे फक्त टिपेत.

नवा ताळेबंद आणि बँक

चालू देण्यांत ₹९८.३० लाख वाढले, एकूण ₹४९०.२३ लाख. चालू मालमत्ता ₹६०७.५० लाख. गुणोत्तर १.२४. कराचा परिणाम बाजूला ठेवला तर भांडवलातून सुमारे ₹३६.८० लाख कमी झाले, त्यातले ₹२१.६० लाख एकट्या जुन्या वीजबिलाचे.

मालकांचा पहिला सवाल अपेक्षित होता : जुनाच कागद दिला तर? त्याचे उत्तर नीतीच्या आधी व्यवहारात होते. ऑडिटनंतरचा ताळेबंद सहा महिन्यांत बँकेत जाणारच, तात्पुरत्यात १.४५ आणि अंतिमात १.२४ दिसले तर वाढीव मर्यादा तर जाईलच, जुनीही धोक्यात येईल. आणि मेमध्ये ₹२४ लाख एकरकमी लागणार हे न कळता वाढीव मर्यादेवर नवीन मशीनचे बुकिंग झाले असते. बोलणी तशी चाललीच होती.

खरा ताळेबंद, दुरुस्त केलेली दोन महिन्यांची स्टॉक स्टेटमेंट आणि सुधारणेचा आराखडा घेऊन ते बँकेत गेले. आराखडा साधा होता. दोन्ही संचालक मिळून स्वतःच्या पैशातून ₹४० लाख दीर्घ मुदतीने घालणार, तो पैसा कर्जाऊ घेतलेला नाही असे लेखी देणार, आणि त्यातून जॉबवाल्यांचे थकलेले ₹९ लाख, वचनचिठ्ठी आणि काही जुने धनको फेडणार. ३१ मार्चच्या आकड्यांवर हे बसवले तर देणी ₹४५०.२३ लाखांवर येतात आणि गुणोत्तर १.३५ होते. बँकेने ₹२.६० कोटींऐवजी ₹२.३० कोटी मंजूर केले. संचालकांचे ₹४० लाख बँकेच्या परवानगीशिवाय काढायचे नाहीत, ही अट घातली. मशीनचे बुकिंग पुढे ढकलले.

नव्या वर्षात तरतुदींची दुसरी बाजू सांभाळावी लागली. एप्रिलमध्ये महावितरणचे बिल हातात आले तेव्हा अकाउंटंटने सवयीने ते वीज खर्चात टाकले होते. ते अदत्त वीज खर्चाला नावे पडायला हवे. नाहीतर तेच बिल दोन वर्षांच्या खर्चात बसते. पीएफ, बोनस, ऑडिट फी सगळ्यांना हाच नियम.

वचनचिठ्ठीची नोंद शनिवार, १७ मे ला झाली. एप्रिलचे ३० आणि मेचे १७ अशा ४७ दिवसांचे व्याज ₹३७,०८५, त्यावर टीडीएस ₹३,७०९ :

देय वचनचिठ्ठी खाते – नावे ₹२४,००,०००
देय व्याज खाते – नावे ₹५३,२६०
व्याज खर्च खाते – नावे ₹३७,०८५
देय टीडीएस खात्यास – जमा ₹३,७०९
बँक खात्यास – जमा ₹२४,८६,६३६
(मुदतीची रक्कम आरटीजीएसने दिली, मूळ चिठ्ठी परत घेतली.)

मेमधला टीडीएस ७ जूनच्या आत भरायचा होता. अकाउंटंटने तो सोमवारीच भरून चलन व्हाउचरला जोडले.